उमेदवाराचा रविवार

दर उन्हाळ्यात भारतातील तंत्रशिक्षण संस्थांमधले तिसऱ्या वर्षाचे काही विद्यार्थी दोन-तीन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी जर्मनीला जातात. जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेची, म्हणजे 'डाड'ची, शिष्यवृत्ती मिळवून तिथल्या विद्यापीठांत आणि संशोधनसंस्थांत काम करणाऱ्या या मुलामुलींत पवईचे आणि नागपूरचेही असतात. परतल्यावर मुक्कामाचा हिशेब दोन रकान्यांत मांडला जातो. पहिल्या रकान्यात प्रयोगशाळेतले काम, मार्गदर्शकाचे शिफारसपत्र आणि जमल्यास एखाद्या शोधनिबंधात नाव. दुसऱ्यात प्राग, पॅरिस, ॲमस्टरडॅमची छायाचित्रे. पालक पहिल्यावर समाधान मानतात, मित्र दुसऱ्याचा हेवा करतात, आणि या दोहोंमध्ये सांडलेले संध्याकाळचे व रविवारचे शेकडो तास कोणत्याच रकान्यात बसत नाहीत.

या मांडणीमागे एक सर्वमान्य समजूत आहे. फुरसत म्हणजे काम संपल्यावर उरणारा वेळ, तो ज्याचा त्याचा खाजगी, आणि तो रिकामा वा एकाकी गेला तर दोष एक तर त्या मुलाच्या बुजऱ्या स्वभावाचा किंवा 'थंड' जर्मनांचा. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की ही समजूत उथळ आहे. फुरसत ही सामाजिक रचना आहे. तिला कायद्याचा आधार लागतो, कोणाच्या तरी घरकामाचा आधार लागतो आणि सभासदत्वाचा आधार लागतो. परदेशी इंटर्नला तास मिळतात, ही रचना मिळत नाही. त्याची रविवारची घालमेल, त्याची अखंड भटकंती आणि त्याचा एकटेपणा ही त्याच्या स्वभावाची लक्षणे कमी आणि समाजातील त्याच्या जागेची लक्षणे अधिक आहेत.

१. रिकामा वेळ आणि फुरसत

मराठीत सवड, सुट्टी, फुरसत, विरंगुळा आणि रिकामपण हे शब्द शेजारी राहत असले तरी एका घरातले नाहीत. सवड काढावी लागते, सुट्टी कोणीतरी द्यावी लागते, विरंगुळा शोधावा लागतो. रिकामपण मात्र आपोआप येते आणि भाषेने त्याला 'रिकामटेकडा' या शब्दात कायमची शिक्षा ठोठावून ठेवली आहे. यांतला भेद केवळ शब्दार्थाचा नाही, हे समाजशास्त्रातील एका छोट्या पण फार नेमक्या अभ्यासाने दाखवले. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गावातली कापडगिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी तिथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वेळच वेळ हाती असलेले हे गाव अधिक वाचेल, अधिक जमेल, अधिक बोलेल अशी अपेक्षा कोणीही केली असती. प्रत्यक्षात वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत निम्म्याच्या आसपास घसरली, तीही पुस्तके फुकट मिळू लागलेली असताना. पुरुष रस्त्याने सावकाश चालू लागले, वारंवार थांबू लागले, आणि दिवसभर काय केले हे त्यांना धड सांगता येईना.

इंटर्न हा बेकार नसतो, तेव्हा तुलना शब्दशः घेण्याचे कारण नाही. पण मारिएनथालचा धडा इथे लागू पडतो: वेळेला फुरसतीचे रूप येण्यासाठी त्याला कडा लागतात, त्या कडा एकट्या माणसाला आखता येत नाहीत, आणि इतरांचा वेळ ज्या खुंट्यांना टांगलेला असतो त्या खुंट्या नवख्याला दिसतसुद्धा नाहीत.

२. कायद्याने राखलेला दिवस

जर्मनीत या खुंट्यांपैकी सर्वांत भक्कम खुंटी रविवार ही आहे, आणि ती थेट संविधानात ठोकलेली आहे. १९१९ च्या वायमार संविधानाच्या १३९ व्या कलमाने रविवार आणि राज्यमान्य सण हे कामापासून विश्रांतीचे आणि आत्मिक उन्नतीचे दिवस म्हणून संरक्षित केले. १९४९ च्या मूलभूत कायद्याने १४० व्या कलमाद्वारे ती तरतूद जशीच्या तशी आपल्यात सामावून घेतली. हे कलम शोभेचे नाही. बर्लिन राज्याने नाताळपूर्वीच्या चारही रविवारी दुकाने उघडण्याची मुभा दिली तेव्हा चर्चसंस्था संविधान न्यायालयात गेल्या, आणि १ डिसेंबर २००९ रोजी न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. व्यापाऱ्यांचा आर्थिक लाभ आणि ग्राहकांची रोजची खरेदीची हौस एवढ्याने रविवारच्या विश्रांतीला अपवाद करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

नवख्या इंटर्नला हे सारे पहिल्या रविवारी पोटातून कळते. शनिवारी उशिरा उठून, धुणे आटोपून, संध्याकाळी सामान आणू म्हणत तो साडेसातला सुपरमार्केटात पोहोचतो; म्युनिकसारख्या शहरात आठला दारे बंद व्हायची असतात. आत बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रापुढे रांग असते. पुढचा माणूस पिशवीतून एकेक प्लॅस्टिकची बाटली काढून गोल तोंडात सरकवतो, यंत्र ती फिरवून पाहते, दर बाटलीमागे २५ सेंट जमा करते आणि शेवटी चिठ्ठी बाहेर टाकते, जी दाखवून बिलातून तेवढे पैसे वळते होतात. शेजारी बायाबापड्यांच्या ढकलगाड्या रविवारच्या बेगमीने भरलेल्या असतात. ज्याने ही रांग एकदा चुकवली त्याला दुसऱ्या दिवशी रेल्वेस्थानकातले महागडे दुकान, पेट्रोलपंप किंवा सकाळपुरती उघडणारी बेकरी एवढेच उरते. पुढे कळते की नुसती दुकानेच बंद नसतात. वस्तीत गवत कापायचे यंत्र चालवायचे नसते, भिंतीला ड्रिल लावायचे नसते, काचेच्या बाटल्या सार्वजनिक पिंपात टाकायच्या नसतात. त्या शांततेत कुकरची तिसरी शिट्टी साऱ्या जिन्याला ऐकू जाते.

हा सारा प्रकार धार्मिक जुनाटपणा आहे असे मानणे सोपे आहे, आणि अनेक भारतीय विद्यार्थी तसेच मानून परततात. पण रविवारच्या पाठीशी चर्चइतकीच कामगार चळवळ उभी आहे. आठवड्याला पाच दिवसांच्या कामासाठी जर्मन कामगार संघटनांनी १९५६ मध्ये जी मोहीम काढली तिच्या फलकावर एक लहान मूल 'शनिवारी बाबा माझे' असे सांगत होते. मराठी वाचकाला तर हा इतिहास परका वाटू नये. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवलेल्या लढ्यामुळे; तोवर तो खंडोबाचाही वार असला तरी गिरणीच्या भोंग्याला त्याचे सोयरसुतक नव्हते. ज्या मुलाचे पणजोबा गिरणगावात राबले असतील त्याने बंद दुकानापुढे उभे राहून 'हा देश मागे आहे' म्हणावे, यात थोडा विनोद आहे आणि बरेच विस्मरण.

मुद्दा असा की सर्वांना एकाच दिवशी मोकळे ठेवण्यामागे हेतू आहे. ज्याची सुट्टी मंगळवारी त्याला विश्रांती मिळते, सोबत मिळत नाही. कायदा सामाईक वेळ निर्माण करतो, आणि त्या सामाईक वेळेत काय करायचे हे कुटुंबे, मित्रमंडळे आणि मंडळ्या ठरवतात. इंटर्नपाशी यांतले काहीच नसते. जो दिवस जर्मन माणसासाठी सर्वांत भरलेला, तोच त्याच्यासाठी सर्वांत ओसाड ठरतो, आणि दोन्हींचे कारण एकच आहे.

३. फुरसत कोणाच्या कष्टावर

दुसरा आधार घरातला आहे आणि तो घरी असताना दिसत नाही. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, म्हणजे लोक दिवसाचे चोवीस तास कशावर खर्च करतात याच्या पाहणीत, विनामोबदला घरकामात ८१.२ टक्के स्त्रियांचा सहभाग आढळला तर पुरुषांचा २६.१ टक्के; आणि असे काम करणाऱ्यांत स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, पुरुष ९७. मराठी मध्यमवर्गीय घरातला मुलगा अभ्यास आणि क्रिकेट यांच्यामध्ये जी संध्याकाळ आपली समजून वाढतो ती या आकड्यांतून कापून निघालेली असते. पुढे वसतिगृहात मेस असते, धोबी असतो. आधार बदलतो, जात नाही.

जर्मनीत तो पहिल्यांदा निखळतो. सामाईक घरातल्या एका खोलीत राहायला गेलेल्या इंटर्नची पहिली ओळख बहुधा फ्रिजवर चुंबकाने लावलेल्या तक्त्याशी होते. त्याला 'पुट्सप्लान' म्हणतात, म्हणजे साफसफाईचे वेळापत्रक: डावीकडे आठवडे, वर न्हाणीघर, स्वयंपाकघर, कचरा अशी कामे, आणि चौकोनांत आळीपाळीने नावे. कचऱ्यातही कागद, वेष्टणे, ओला आणि उरलेला असे भाग; काचेत पुन्हा पांढरी, तपकिरी, हिरवी. आपल्या नावापुढच्या चौकोनात खूण न केल्यास कोणी ओरडत नाही, पण पुढच्या आठवड्यात चौकोनाशेजारी प्रश्नचिन्ह उमटते. डाळ-भात, धुणे, भांडी आणि हा तक्ता यांत शनिवार संपला की त्या मुलाला वाटते की परदेशाने त्याची फुरसत हिरावली. खरे तर परदेशाने त्याला तिची किंमत दाखवली. मारिएनथालच्या अभ्यासकांनाही हेच दिसले होते: पुरुष थबकत चालत होते, स्त्रिया मात्र झपाझप, कारण गिरणी बंद पडली तरी चूल बंद पडली नव्हती.

मुलींचा हिशेब अनेकदा उलटा निघतो, आणि परदेशवारीच्या चर्चेत तो क्वचितच मांडला जातो. स्वतःपुरता स्वयंपाक हे त्यांच्यापैकी कित्येकींसाठी घरच्या अपेक्षांपेक्षा हलके काम ठरते. जूनमध्ये उत्तर जर्मनीत साडेनऊपर्यंत उजेड असतो, ट्राम उशिरापर्यंत धावतात, आणि 'कुठे होतीस' या प्रश्नाशिवाय परतता येणारी संध्याकाळ आयुष्यात प्रथमच येते. तिथल्या रस्त्यांवर स्त्रियांना कसलीच भीती नसते असे नव्हे. पण एकाच देशातल्या एकाच मुक्कामात फुरसत एकाची आखडते आणि दुसरीची पसरते; फुरसत खाजगी स्वभावाची बाब नसल्याचा याहून चांगला पुरावा मागायला नको.

४. सभासद आणि पाहुणा

तिसरा आधार सभासदत्वाचा, आणि इंटर्नची खरी अडचण इथे आहे. जर्मनीत संध्याकाळी कामाचा दिवस संपण्याला 'फायरआबेंड' असा स्वतंत्र शब्द आहे. तो उच्चारून माणूस टेबल आवरतो तेव्हा त्यात निरोप असतो आणि हक्कही. १९९४ च्या कामाच्या वेळेसंबंधीच्या कायद्यानुसार दोन कामकाजाच्या दिवसांमध्ये सलग अकरा तासांची विश्रांती सामान्यतः बंधनकारक आहे. इंटर्न पाहतो की सहकारी पाचला जातात. ते कुठे जातात, हे मात्र त्याला कळत नाही.

बरेचदा ते 'फेराइन'मध्ये जातात. फेराइन म्हणजे नोंदणीकृत मंडळ. नोंदणीला किमान सात सभासद लागतात, आणि देशभरात अशी ६ लाखांहून अधिक मंडळे आहेत. गाणाऱ्यांचे, नेमबाजांचे, बुद्धिबळाचे, ससे पाळणाऱ्यांचेसुद्धा. शहरांच्या कडेने रेल्वेरुळांलगत दिसणाऱ्या चिमुकल्या बागा याच पद्धतीने चालतात: १९८३ च्या कायद्याने अशा एका बागेचे क्षेत्र साधारणपणे ४०० चौरस मीटरपर्यंत मर्यादित केले आहे, तीत फळभाज्या लावणे अपेक्षित असते, आणि बर्लिनसारख्या शहरात बाग मिळायला वर्षे थांबावे लागते. गाडीच्या खिडकीतून इंटर्नला तिथे आरामखुर्चीत पहुडलेले आजोबा दिसतात. त्या खुर्चीमागची प्रतीक्षायादी, सभा, वर्गणी आणि कुंपणाच्या उंचीवरून झालेली भांडणे दिसत नाहीत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, जी फुरसतीच्या नेहमीच्या व्याख्येत बसत नाही. अशा कित्येक मंडळांत सभासदाने वर्षाला ठरावीक तास मंडळाचे काम करणे बंधनकारक असते: रस्ता झाडणे, छपराला रंग देणे, जत्रेत सॉसेज भाजायला उभे राहणे. म्हणजे फुरसतीच्या पोटातही काम आहे, आणि माणूस मंडळाचा होतो तो मजा करून नव्हे, हे काम वाट्याला आल्यावर. महाराष्ट्राला हे सांगायला नको. सार्वजनिक गणपतीचे दर्शन लाखो लोक घेतात, पण मंडळाचा तो, ज्याने वर्गणीची पावतीपुस्तके फिरवली, मांडवाचे वासे धरले आणि विसर्जनानंतर पहाटे सतरंज्या झटकल्या. इंटर्नला परदेशात दर्शन भरपूर मिळते. सतरंजी कोणी हाती देत नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल याने १९०८ मध्ये 'परका' या सामाजिक प्रकाराचे वर्णन करताना म्हटले होते की परका म्हणजे आज येऊन उद्या जाणारा भटक्या नव्हे, आज येऊन उद्याही राहणारा माणूस. इंटर्न या व्याख्येतही बसत नाही. तो कोणत्या तारखेला जाणार हे तो येण्यापूर्वीच ठरलेले असते, त्याच्या करारावर ते छापलेले असते, आणि त्याच्याशी बोलणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असते.

५. भटकंतीचे खरे कारण

वरील तीन पायऱ्या मान्य केल्या तर शनिवार-रविवारच्या प्रवासाचा उलगडा वेगळा होतो. तो हौसेचा असतोच. पण पर्यटन ही सभासदत्व न मागणारी जवळजवळ एकमेव फुरसत आहे, हे त्याचे अधिक खोल कारण आहे. तिकीट काढले की झाले. मे २०२३ पासून जर्मनीत महिन्याला ४९ युरोंत देशभरातील स्थानिक व प्रादेशिक गाड्यांनी हिंडण्याचा पास मिळू लागला. जानेवारी २०२५ मध्ये त्याची किंमत ५८ युरो झाली. तो वेगवान गाड्यांना चालत नसल्याने तीन-चार गाड्या बदलत, डबा मांडीवर घेऊन, सात-आठ तास प्रवास करणारे भारतीय विद्यार्थी उन्हाळ्यात सर्रास दिसतात. ओसाड रविवारापासून पळण्याचा हा स्वस्त आणि सन्मान्य मार्ग आहे.

जर्मन तत्त्वज्ञ तेओडोर आडोर्नो याने १९६९ मधील 'फुरसत' या विषयावरच्या आपल्या व्याख्यानात असे मांडले की आधुनिक माणसाचा मोकळा वेळ कामाचीच सावली असतो आणि कामाच्याच शिस्तीने भरला जातो. एका रविवारी तीन शहरे 'उरकणारा' इंटर्न त्याचे चालतेबोलते उदाहरण ठरेल. तरीही आडोर्नोची कठोरता इथे पुरती स्वीकारता येत नाही, आणि त्याला कारण एक मराठी पुस्तक आहे. पु. ल. देशपांडे बीबीसीकडे दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी गेले होते, आणि त्या मुक्कामातून १९६० मध्ये 'अपूर्वाई' निघाले. मराठीतले अत्यंत लोकप्रिय प्रवासवर्णन अशा रीतीने एका उमेदवारीचे आडपीक आहे. त्यातून प्रशिक्षण जवळजवळ गळून गेले आणि उरली ती माणसे, खाणे, रस्ते. फक्त ते ज्या वयात, ज्या तयारीने गेले, आणि ज्या सोबतीने (पत्नी सुनीताबाई बरोबर होत्या), ते विसाव्या वर्षी एकट्याने गेलेल्या विद्यार्थ्यापाशी नसते.

६. काही आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल की ही सुखवस्तूंची रडकथा आहे. ज्या देशात लाखो मुलांना इंटर्नशिपच मिळत नाही तिथे जर्मनीतल्या रविवारची चिंता कोणी करावी? आक्षेपातील नैतिक बोचणी रास्त आहे, तर्क नाही. शिष्यवृत्तीवर जाणारे सगळे सुखवस्तू घरांतले नसतात, आणि पास, वसतिगृह, बाहेरचे जेवण यांच्या किमती लहान गावातून आलेल्या मुलाला अधिक जाचतात. फुरसत हा श्रीमंतांचा प्रश्न आहे असे मानणे म्हणजे लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी काय मागितले होते ते विसरणे.

दुसरा आक्षेप: मोबाईल आहे, घरच्यांशी रोज व्हिडिओवर बोलता येते, शिवाय महाराष्ट्र मंडळे आहेत, मग एकटेपणा कुठला? उन्हाळ्यात जर्मनीचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असते. तिथे संध्याकाळी सातला मोकळीक मिळते तेव्हा घरी साडेदहा वाजलेले असतात, आई ओट्यावरचे आवरत असते आणि बोलणे 'जेवलास का' याच्या फार पुढे जात नाही. मंडळांचे म्हणावे तर त्यांचा सर्वांत मोठा सोहळा गणपतीचा, भाद्रपदातला, आणि उन्हाळी इंटर्न जुलैअखेर परतलेला असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. तीन महिन्यांच्या पाहुण्याने सभासदत्वाची अपेक्षाच का धरावी, आणि भाषा येत नसताना दोष रचनेला का द्यावा? भाषेचा मुद्दा खरा आहे. प्रयोगशाळेत इंग्रजी चालते, फेराइनच्या सभेत चालत नाही. पण भाषा हा निर्णायक अडसर नसल्याचे एक उदाहरण क्रिकेटचे आहे. २०१५ नंतर अफगाण निर्वासितांमुळे जर्मनीत क्रिकेट झपाट्याने वाढले, आणि त्या संघांत भारतीय विद्यार्थीही खेळतात. कृत्रिम गवताची पट्टी सामन्याआधी अंथरायची, नंतर गुंडाळून खोलीत ठेवायची, धावफलक लिहायचा, दुसऱ्यांच्या डावात पंच म्हणून उभे राहायचे, ही कामे नवीन आलेल्याच्याही वाट्याला लगेच येतात, आणि ती मोडक्यातोडक्या हिंदी, उर्दू, इंग्रजीत पार पडतात. तिथे इंटर्नचा रविवार ओसाड राहत नाही. मात्र असा मार्ग सापडणे बव्हंशी योगायोगावर असते. मंडळांची वर्गणी वर्षाची असते आणि सोडण्याची सूचना काही महिने आधी द्यावी लागते. विद्यापीठाच्या क्रीडावर्गांची नोंदणी उन्हाळी सत्र सुरू होताना, एप्रिलमध्ये होते, आणि मेच्या मध्यावर सामान घेऊन उतरलेल्या विद्यार्थ्याला पोहण्याच्या व बॅडमिंटनच्या वर्गांपुढे 'जागा नाही' एवढेच वाचायला मिळते. निवडपत्रासोबत येणाऱ्या माहितीत विमा असतो, विद्यावेतन असते, व्हिसाची कागदपत्रे असतात. त्या एप्रिलमधल्या नोंदणीची तारीख नसते.